पलंगाखालचें पदवीपत्र

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस थोडें नवल वाटेल. ज्या माणसानें आयुष्याचीं तीसांवर वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविलें, ज्याचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं, त्यानें व्हिडिओ गेमविषयीं, म्हणजे यंत्राच्या पडद्यावर खेळावयाच्या खेळाविषयीं, काय बोलावें? मुलांच्या हातांतून हीं यंत्रें काढून घेणें हेंच आजवर आम्हां शिक्षकांचें काम समजलें गेलें आहे. परंतु एखादी वस्तु कोणत्या पेटींतून निघाली यावरून तिची किंमत करूं नये, ती हातांत घेऊन पाहावी, असें मी मुलांना नेहमीं सांगत आलों. तो नियम मास्तरांनाहि लागू असलाच पाहिजे. म्हणून माझ्या नातीनें जेव्हां "आजोबा, हा एक खेळ तुम्ही खेळून बघाच" असा आग्रह धरला, तेव्हां मी चष्मा पुसून बसलों. तीन-चार संध्याकाळीं मिळून तो खेळ पुरा झाला. त्यानें माझ्या मनांत जो विचार जागा केला, तो आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

या खेळाचें नांव 'अनपॅकिंग'. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर 'बिऱ्हाड लावणें'. ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरच्या 'विच बीम' नांवाच्या एका लहानशा मंडळीनें तो तयार केला, आणि २०२१ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत तो प्रसिद्ध झाला. कांहीं खेळांमागें बड्या कंपन्यांचें भांडवल आणि शेंकडों कारागिरांचें बळ असतें. त्याच्या उलट, थोडीं माणसें आपल्या मनांतील कल्पना आपल्याच धोरणानें व हिमतीनें उभी करतात, तेव्हां त्या कृतीला 'इंडी' म्हणजे स्वतंत्र खेळ म्हणतात. 'अनपॅकिंग' हा या दुसऱ्या जातीचा खेळ आहे.

त्याची कल्पना सुचली तीहि सामान हलवितांनाच. रेन ब्रायर या बाई आणि टिम डॉसन हे गृहस्थ या खेळाचे मुख्य कर्ते. २०१८ सालीं डॉसन आपलें सामान घेऊन ब्रायरबाईंच्या घरीं राहावयास आले. खोकीं सोडतां सोडतां दोघांच्या ध्यानांत आलें कीं, या कंटाळवाण्या कामांत खेळाचे सगळे गुण आहेत. खोकें उघडावें, वस्तु बाहेर काढावी, तिची जागा शोधावी. तिच्या जोडीची दुसरी वस्तु भलत्याच खोक्यांतून निघावी. वरचें खोकें रिकामें झालें म्हणजे खालचें हातीं लागावें. आपणांपैकीं ज्यांनीं बिऱ्हाडें बदललीं आहेत, त्यांना हा अनुभव नवा नाहीं. त्यांत खेळ आहे हें मात्र आपल्याला दिसलें नव्हतें.

आतां या खेळाचें स्वरूप सांगतों. पडद्यावर एक खोली दिसते, बाहुलीच्या घराची पुढची भिंत काढून वरून तिरपें पाहावें तशी. चित्रें जुन्या धर्तीचीं, बारीक चौकोनी ठिपक्यांनीं भरलेलीं आहेत. खोलींत बांधलेलीं खोकीं पडलेलीं असतात. आपण एकेक खोकें उघडावयाचें, एकेक वस्तु काढावयाची आणि ती योग्य जागीं ठेवावयाची. पुस्तकें फळीवर, कपडे कपाटांत, दांतांचा ब्रश न्हाणीघरांत. घड्याळाचा धाक नाहीं, शत्रु नाहीं, गुण नाहींत. सारें सामान लागल्यावर एखादी वस्तु भलत्या जागीं राहिली असेल, तर तिच्याभोंवतीं तांबडी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे मास्तरांच्या तांबड्या शाईची खूणच म्हणाना! ज्यांना ही टोंचणी नको असेल त्यांच्यासाठीं, कोणतीहि वस्तु कोठेंहि चालेल, अशी सवलतहि ठेवली आहे.

हें सामान एका मुलीचें आहे. ती मुलगी पडद्यावर आपल्यासमोर कधीं येत नाहीं. तिचें नांव कळत नाहीं. तिची हकीकत कोणी निवेदन करीत नाहीं. प्रत्येक भागाच्या आरंभीं एक सन दिसतो, आणि शेवटीं छायाचित्रांच्या वहींत एक चित्र चिकटविलें जाऊन त्याखालीं तिच्या हातची एखादी ओळ उमटते, एवढेंच. असे एकंदर आठ भाग आहेत. पहिल्याचा सन १९९७, शेवटच्याचा २०१८. एकवीस वर्षांत तिनें जीं बिऱ्हाडें लावलीं, त्यांतून तिचें आयुष्य आपण आपल्या हातांनीं उलगडावयाचें.

१९९७ सालीं ती लहान आहे. तिला स्वतःची खोली मिळाली आहे. खोक्यांतून मऊ खेळणीं, रंगाचें साहित्य, गोष्टींचीं पुस्तकें निघतात. २००४ सालीं ती शिक्षणासाठीं घराबाहेर पडली आहे. आतां निजावयाच्या खोलीखेरीज स्वयंपाकाची भांडीं आणि न्हाणीघरांतील बाटल्याहि लावाव्या लागतात. २००७ सालीं ती दुसऱ्या दोन सोबत्यांबरोबर एका घरांत राहावयास आली आहे. मधल्या काळांत तिनें प्रवास केला आहे, हें कोणी सांगावें लागत नाहीं. खोक्यांतून निघालेल्या परदेशच्या शोभेच्या वस्तूंवरूनच तें कळतें.

येथपर्यंत खेळणाऱ्याच्या मनावर कांहीं भार पडत नाहीं. एक गोष्ट मात्र हळूहळू घडत असते. कांहीं वस्तु ओळखीच्या होऊं लागतात. लहानपणचें एखादें खेळणें दुसऱ्या घरांत निघतें, तिसऱ्या घरांत निघतें, आणि तें दिसतांच आपण मनांतल्या मनांत म्हणतों, "अरे, हें अजून आहे तर!" कांहीं वस्तु मात्र पुन्हां निघत नाहींत. त्या कोठें गेल्या, मोडल्या कीं कोणाला दिल्या, हें खेळ सांगत नाहीं. आपल्या आयुष्यांतहि वस्तु अशाच नाहींशा होतात. अमुक दिवशीं अमुक वस्तूचा निरोप घेतला असें आपण क्वचितच म्हणूं शकतों; एका बिऱ्हाडांत ती असते आणि पुढच्या बिऱ्हाडांत नसते. परक्या मुलीच्या वस्तूंची ही ओळख आणि त्यांच्या नसण्याची चुटपुट पांच-सहा तासांच्या आंत आपल्या मनांत निर्माण व्हावी, ही या कर्त्यांच्या कौशल्याची पहिली खूण.

त्यानंतर येतें २०१० साल. आतां ती आपल्या मित्राच्या घरीं त्याच्याबरोबर राहावयास आली आहे. घर नीटनेटकें आहे, सामानहि चांगलें आहे. परंतु प्रत्येक फळी, प्रत्येक खण, प्रत्येक भिंत त्याच्याच वस्तूंनीं भरलेली आहे. त्यानें तिच्यासाठीं कोठेंहि जागा केलेली नाहीं. आपण त्याचे कपडे एका बाजूला सारतों, त्याच्या वस्तु इकडच्या तिकडे करतों, आणि तिचें सामान कसेंबसें फटींत बसवितों. अशांत एका खोक्यांतून तिचें चौकटींत बसविलेलें पदवीपत्र निघतें. तें भिंतीवर लावावयास जावें तर भिंतीवर जागा नाहीं. टेबलावर ठेवावें तर तांबडी रेघ. स्वयंपाकघर पाहावें, न्हाणीघर पाहावें, सगळीकडे तोच नकार. बराच वेळ शोधून शेवटीं एक जागा मिळते. ती म्हणजे पलंगाखालची.

श्रोतेहो, या ठिकाणीं मी क्षणभर थांबलों. कोणी मोठा आवाज चढविलेला नाहीं, कोणी अपशब्द उच्चारलेला नाहीं, तो गृहस्थ तर पडद्यावर दिसतहि नाहीं. तरी या घरांत तिचें काय होणार आहे, हें त्या पलंगाखालच्या पदवीपत्रानें पुरतें सांगून टाकलें. आणखी एक गोष्ट मला त्याहूनहि विलक्षण वाटली. हाच प्रसंग कादंबरींत वाचला असता तर मीं नायिकेची कींव केली असती आणि पान उलटलें असतें. चित्रपटांत पाहिला असता तर त्या गृहस्थाचा राग आला असता. येथें मात्र तें पदवीपत्र पलंगाखालीं सारणारा हात माझा होता. दुसरी जागा नाहीं हें मीं स्वतः शोधून पाहिलें होतें. पटवून घेण्याचें तें कामहि मलाच करावें लागलें, जसें तें तिनें केलें असेल. "असूं दे, तूर्त येथें राहूं दे, पुढें पाहूं," असें म्हणत माणूस स्वतःला किती सहज पलंगाखालीं सारतो, हें मला त्या एका हालचालीनें कळलें. गोष्ट ऐकण्यानें जें कळतें त्याहून गोष्ट करण्यानें कळलेलें निराळें असतें. आणि खेळ या कलेचें सामर्थ्य असेल तर तें येथें आहे.

पुढचा सन २०१२. तीच लहानपणची खोली. ती आईबापांच्या घरीं परत आली आहे. काय घडलें हें कोणी सांगत नाहीं, आणि सांगण्याची जरुरीहि नाहीं. खोक्यांतून एक छायाचित्र निघतें, तिचें व त्या मित्राचें. त्याच्या चेहऱ्यावर टांचणी खुपसलेली आहे. हें चित्र डोळ्यांसमोर लावलें तर खेळ तें मान्य करीत नाहीं. तें कोठें तरी नजरेआड करावें लागतें. पाहा, पलंगाखालीं काय जावें आणि भिंतीवर काय राहावें, हा हिशेब दोन वर्षांत कसा उलटला! तिनें तें चित्र फाडून मात्र टाकलें नाहीं, हेंहि ध्यानांत घेण्यासारखें आहे. दुःखाच्या आठवणीला आपण घरांतून घालवूं शकत नाहीं. तिला कोणत्या खणांत ठेवावयाचें, एवढेंच आपल्या हातीं असतें.

२०१३ सालीं ती स्वतःच्या बिऱ्हाडीं राहावयास जाते. आतां जागा तिची, भिंती तिच्या. काम करावयाचें टेबल तिचें. इतके दिवस घरोघर फिरलेल्या वस्तु प्रथमच निवांत मांडल्या जातात, आणि खेळणारालाहि हात सैल सोडून बसावेंसें वाटतें. पुष्कळ गोष्टी येथें संपतात. माणूस दुसऱ्याच्या छायेंतून सुटला, स्वतःच्या पायांवर उभा राहिला, म्हणजे सुखी झाला, असें आपण समजतों. या खेळाचे कर्ते तेथें थांबले नाहींत, आणि त्यांची खरी परीक्षा मला पुढच्याच भागांत दिसते.

सन २०१५. घर तेंच आहे. आतां जीं खोकीं आलीं आहेत, तीं तिचीं नाहींत. दुसरी एक व्यक्ति आपलें सामान घेऊन तिच्या घरीं राहावयास आली आहे. ही नवी सोबतीण स्त्री आहे. दोघींचा संसार पुढें २०१८ सालच्या मोठ्या घरांत आणि तेथील पाळण्याच्या खोलींत पोंचतो. आमच्या पिढीच्या कांहीं श्रोत्यांना हें निराळें वाटेल. परंतु मला त्यांत जो प्रश्न दिसला तो कोणत्याहि घराचा आहे. पांच वर्षांपूर्वीं जिच्या पदवीपत्राला कोणी जागा दिली नव्हती, तिच्याच दारांत आज दुसऱ्या कोणाचीं खोकीं उभीं आहेत. आतां ती काय करील? फळ्या तिच्या वस्तूंनीं भरल्या आहेत, मनाजोगी मांडणी झाली आहे, आणि ती मांडणी मोडावयाची आहे. आपण तिच्या वस्तु थोड्या सरकवितों, एक फळी मोकळी करतों, पाहुण्या वस्तूंना त्यांत मिसळतों. २०१० सालीं जें काम करतांना जीव गुदमरला, तेंच काम येथें करतांना मन मोकळें होतें. सामान तितकेंच, धडपड तितकीच. फरक एवढाच कीं, येथें सरकणारी व्यक्ति आपण होऊन सरकते आहे.

मला वाटतें, या खेळाचें सार या दोन सनांमधील अंतरांत आहे. आपलेपणा हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. "हें घर आपलेंच समजा" असें आपण येणाऱ्याला म्हणतों. परंतु तोंडानें आपलें म्हणणें आणि भिंतीवरचा एक खिळा रिकामा करून देणें, यांत मोठें अंतर आहे. आपल्या स्मृति आपण वस्तूंच्या रूपानें बरोबर घेऊन हिंडत असतों. त्या स्मृतींना जेथें उजेडांत ठेवतां येतें तें घर, आणि जेथें त्या पलंगाखालीं साराव्या लागतात तें केवळ राहण्याचें ठिकाण, मग तें कितीहि प्रशस्त असो.

आपण हें भाषण कानांनींच ऐकत आहां, म्हणून या खेळांतील आवाजांविषयीं दोन शब्द बोललें पाहिजे. त्याचें संगीत व ध्वनियोजना जेफ व्हॅन डाइक यांची आहे. वस्तु ठेवण्याचे चौदा हजारांहून अधिक निरनिराळे आवाज या खेळासाठीं तयार केलेले आहेत. तीच वस्तु लांकडावर ठेवली तर एक आवाज, फरशीवर ठेवली तर दुसरा, गालिच्यावर ठेवली तर तिसरा. हा उपद्व्याप कशाला, असें प्रथम वाटतें. परंतु विचार करा. आपलें लहानपणचें घर आपल्याला आठवतें तें किती तरी अंशीं आवाजांनीं. कडीचा आवाज, फडताळाच्या दाराची कुरकुर, हंड्यावर हंडा ठेवल्याचा नाद. या घरांत वस्तु खरोखरच टेकली, असें मनाला पटण्यास तो आवाज लागतो. अखेरीस जें गाणें लागतें तें व्हॅन डाइक यांच्या कन्येच्या आवाजांतील आहे, आणि तोंवर जवळजवळ निःशब्द असलेल्या या कथेंत मनुष्याचा कंठ प्रथमच ऐकूं येतो.

वस्तूंवरून माणसाचें जीवन वाचण्याचा हा प्रयोग अगदीं एकटा नाहीं. अमेरिकेंत २०१३ सालीं निघालेल्या 'गॉन होम' नांवाच्या खेळांत १९९५ सालची गोष्ट आहे. एक तरुणी परदेशचा प्रवास आटोपून घरीं येते तों घर रिकामें. आणि तेथील चिठ्ठ्या व वस्तु धुंडाळून धाकट्या बहिणीची हकीकत तिला समजून घ्यावी लागते. तेथें खेळणारा शोधक असतो, दुसऱ्यानें ठेवलेलें उचलून पाहणारा. 'अनपॅकिंग'मध्यें तो ठेवणारा असतो, आणि ठेवण्याची जबाबदारी पाहण्याहून जड आहे. २०२२ सालीं ब्रिटनच्या 'बाफ्टा' या मान्यवर संस्थेनें 'अनपॅकिंग'ला कथनाचें पारितोषिक दिलें, आणि लोकांच्या मतांनीं ठरणारें वर्षांतील सर्वोत्तम खेळाचें पारितोषिकहि त्यालाच मिळालें. ज्या कृतींत निवेदन जवळजवळ नाहींच, तिला कथनाचा मान मिळावा, यांत मला तरी विसंगति दिसत नाहीं. शब्द थोडे असले कीं ऐकणाराला आपल्या पदरचे घालावे लागतात, आणि ते त्याला अधिक लागतात.

यावर दोन आक्षेप येतील, ते मीं स्वतःच स्वतःला घेऊन पाहिले आहेत. पहिला असा कीं, वस्तूंवर इतका जीव जडविणें चांगलें काय? अपरिग्रह हा सद्गुण आहे, असें आम्हीच वर्गांत शिकविलें ना? आक्षेप खरा आहे. परंतु मोह आणि स्मृति यांत भेद केला पाहिजे. मोह नव्या वस्तूचा असतो. तो मिळेपर्यंत टिकतो. स्मृति जुन्या वस्तूची असते, आणि ती वस्तु बहुधा बाजारांत कवडीमोल असते. त्या मुलीच्या खेळण्याला कोणी चार आणे दिले नसते. ज्या वस्तूची किंमत केवळ एका माणसालाच ठाऊक आहे, तिचा मान राखणें म्हणजे त्या माणसाचा मान राखणें होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खोकीं भरून, त्यांवर चिकटपट्ट्या लावून घर बदलणें हें नशिबवान माणसांचें काम आहे. पुरानें, युद्धानें, फाळणीनें किंवा धरणाच्या पाण्यानें ज्यांना एका रात्रींत घर सोडावें लागलें, त्यांच्याजवळ उघडावयाला खोकें कोठून असणार? हा खेळ त्या दुःखाविषयीं बोलत नाहीं, आणि बोलल्याचा आवहि आणीत नाहीं. तरी एवढें खरें कीं, जो हा खेळ मनापासून खेळेल, त्याला अशा रिकाम्या हातांनीं आलेल्या माणसाचें दुःख थोडें अधिक समजेल. त्याची केवळ भांडीं व कपडे गेले असें नव्हे, "हें अजून आहे तर!" असें म्हणण्याची संधीच त्याच्या उरलेल्या आयुष्यांतून गेली, हें त्याच्या ध्यानांत येईल.

आतां थोडें घरचें बोलतों. आमच्या पेशांत बदल्या ठरलेल्याच. मीं आणि माझ्या पत्नीनें सात गांवीं बिऱ्हाड लावलें. दर खेपेला सामान बैलगाडींतून, पुढें टेम्पोंतून यावयाचें, आणि पहिल्या संध्याकाळीं ती प्रथम आपला पोळपाट शोधून काढावयाची. पोळपाट सांपडला कीं, "झालें, आलें आपलें घर," असें म्हणावयाची. तो पोळपाट लाटून लाटून मधोमध झिजला होता. ती गेल्यावर मी मुलाकडे राहावयास आलों. शहरांतला दोन खोल्यांचा फ्लॅट, माणसें चार. माझ्याबरोबर एक ट्रंक, पुस्तकांचें एक गांठोडें आणि तो पोळपाट, एवढेंच सामान होतें. कोठें ठेवावयाचें हा विचार मी वाटभर करीत होतों. घरीं येऊन पाहतों तों सूनबाईनें कपाटाचा एक खण रिकामा करून, त्यांत स्वच्छ कागद पसरून ठेवला होता. आणि पोळपाट? तिच्याजवळ तिचा चांगला नवा पोळपाट होता. तिनें माझा हातांत घेतला, झिजलेल्या जागेवरून बोटें फिरविलीं, आणि आपल्या पोळपाटाशेजारीं भिंतीला टेकून उभा केला. ती म्हणाली, "बाबा, रविवारीं यावर लाटीन." पाटावर नीट गोल पोळी होत नाहीं, हें तिला पहिल्याच रविवारीं कळलें असणार, तरी तिचा तो रविवार अजून चुकला नाहीं. खेळांतील २०१५ सालचा अर्थ मला लागला तो त्या खणामुळें.

श्रोतेहो, ही गोष्ट मीं सूनबाईच्या कौतुकासाठींच केवळ सांगितली नाहीं. आपल्या समाजांत दुसऱ्याच्या घरीं आपलीं खोकीं घेऊन जाण्याचा प्रसंग कोणावर येत नाहीं? प्रत्येक लग्न झालेली मुलगी तो प्रसंग भोगते. ट्रंकेंतून तिनें आणलेलें प्रशस्तिपत्र, शाळेंत मिळालेली ढाल, तिची वाद्यपेटी सासरीं कोठें जाते, हें एकदां आपापल्या घरांत पाहावें. माळ्यावर पाहावें, पलंगाखालीं पाहावें. तीच गोष्ट म्हाताऱ्या आईबापांची. गांवचें घर बंद करून त्यांना आपण शहरांत आणतों, औषधपाणी वेळेवर देतों, जेवण गरम वाढतों, आणि तरी त्यांचें मन येथें कां रमत नाहीं म्हणून त्रासतों. त्यांची एखादी वस्तु आपल्या बैठकीच्या खोलींत दिसते काय, एवढें पाहिलें तर उत्तर पुष्कळ अंशीं मिळेल. नोकरीसाठीं परगांवाहून आलेला आणि खोलींत भागीदार म्हणून राहणारा तरुण, वसतिगृहांत प्रथमच आलेला विद्यार्थी, यांनाहि हाच न्याय.

यांत खर्च नाहीं. मोठें घरहि लागत नाहीं. त्या गृहस्थाचें घर काय लहान होतें? आपल्या नीट लागलेल्या मांडणींत थोडी मोडतोड सोसण्याची तयारी मात्र लागते. येणारें माणूस मागत नाहीं, आणि मागणारहि नाहीं. तें "चालेल, राहूं दे" असेंच म्हणणार. म्हणून त्यानें खोकें उघडण्यापूर्वींच जागा झालेली असावी. एक खण, एक खिळा, एक फळी. ज्यांच्या घरीं या महिन्यांत कोणी राहावयास यावयाचें असेल, त्यांनीं आज रात्रीं निजण्यापूर्वीं आपल्या भिंतींवरून एकवार नजर फिरवावी, आणि कोणती वस्तु थोडी सरकेल तें ठरवून ठेवावें.